जाईबाईंचा अबोला

जाईबाईंना माणूस पावलांवरून कळतो. चेहरा खोटं बोलतो, तोंड तर बोलतंच बोलतं, पण पावलं बिचारी भोळी असतात, असं त्यांचं म्हणणं. सकाळी व्हरांड्यात कोणी फेऱ्या मारत असलं की आत चादरींच्या घड्या घालता घालता, मान वर न करता त्या सांगणार, "तीन नंबरच्या भाऊंना झोप न्हाई लागलेली. सिस्टर, बघा जरा." सिस्टर बघायला जायच्या, आणि तीन नंबरचे भाऊ खरंच रात्रभर छताकडे बघत पडलेले असायचे. नवीन आलेल्या एका डॉक्टरांनी याला अंधश्रद्धा म्हटलं होतं. महिनाभरात तेच विचारू लागले, "मावशी, आज पाच नंबरचं पाऊल कसं आहे?"

कोरेगावच्या अलीकडे, उसाच्या फडाला चिकटून 'थारा' नावाचं एक बसकं कौलारू घर आहे. मनाचा ताळ अचानक सुटला, जगणं नकोसं झालं, की दवाखान्यात भरती होण्याऐवजी पंधरा दिवस येऊन राहावं, सावरावं आणि जावं, असं ते ठिकाण. आठ खाटा. आठवड्यातून तीनदा येणारे डॉक्टर, कायम हजर रेश्मा सिस्टर, स्वयंपाकाला केरबामामा, आणि उरलेल्या सगळ्याला जाईबाई. येणाऱ्याला पेशंट म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम असा की स्वयंपाकघरातल्या तीन सुऱ्या, एक विळी आणि एक किसणी काम संपलं की कपाटात गेली पाहिजे आणि कुलूप लागलं पाहिजे. त्या कुलपाची किल्ली केरबामामांच्या करदोट्याला बांधलेली असते.

जाईबाई मूळच्या आटपाडीकडच्या. सातवीपर्यंत शिकल्या, पुढं शिकायची फार हौस होती, पण लग्न होऊन कोरेगाव तालुक्यात आल्या. नवरा सोपान एसटीत कंडक्टर होता, तो मुलगी दहावीत असताना काविळीनं गेला. मग साताऱ्यातल्या एका दवाखान्यात आया म्हणून त्यांनी चौदा वर्षं काढली, मुलीला, आम्रपालीला, शिकवलं, सांगलीत नोकरीला लागलेलं बघितलं, आणि 'थारा' सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवसापासून इथं आल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत त्यांनी कुणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. रडणाऱ्याला 'रडू नको' म्हणायचं नाही, शेजारी बसून लसूण सोलायचा, ही त्यांची रीत. दोन-चार कुड्या सोलून होईपर्यंत माणूस आपणहून बोलायला लागतो.

तर अशा ह्या, दगडालाही बोलतं करणाऱ्या जाईबाई गेले सात महिने केरबामामांशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. लोकाघरची गाठ सोडवायला सगळ्यात पुढं, आणि स्वतःची मात्र पदरात घट्ट बांधून ठेवलेली. माणसाचं असंच असतं, त्यात जाईबाईंना वेगळा न्याय कशाला लावायचा?

केरबामामा फौजेतले. वीस वर्षं लंगरमध्ये जवानांना जेवू घालून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशी पांढरी, पाठ ताठ, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. पहिली आठ वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. ते त्यांना 'जाईबाय' म्हणायचे, त्या त्यांना 'केरबादादा' म्हणायच्या, आणि रोज अकरा वाजता ओट्याला टेकून दोघं चहा प्यायचे. त्या चहात सगळ्या पाहुण्यांची खबर एकमेकांना कळायची. कोणी ताट तसंच ठेवलं, कोणी आज दुसऱ्यांदा भात मागितला, कोणाचं पाऊल जड पडतंय. सिस्टरच्या नोंदवहीत नसलेलं पुष्कळ काही त्या चहात असायचं.

मग शिवांजली नावाची एक बाई आली. तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी केरबामामा भाजी आणायला कोरेगावच्या बाजारात गेले होते. जाईबाई तिला घेऊन सहज स्वयंपाकघरात आल्या, तर ओट्यावर कांदे होते आणि कांद्याशेजारी सुरी होती. मामा कुलूप लावायला विसरले होते. शिवांजली कांद्यांकडे बघत म्हणाली, "मावशी, मी पिठलं करू का?" जाईबाईंनी क्षणभर विचार केला आणि करू दिलं. स्वतः तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. ती बाई कांदा चिरता चिरता पोटभर रडली, पिठलं केलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. नेमके तेवढ्यात मामा पिशव्या घेऊन दारात उभे.

मामा तोंडानं काही बोलले नाहीत. सरळ सिस्टरच्या टेबलाशी गेले आणि नोंदवहीत लिहिलं, 'मावशींनी पाहुण्याच्या हातात सुरी दिली.' सुरी बाहेर कुणी ठेवली होती, ते मात्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून संस्थेचं पत्र आलं. जाईबाईंना ताकीद, नोकरीतली पहिली.

त्यांनी पत्राची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. सिस्टरनी खोदून खोदून विचारलं तरी सुरी कपाटाबाहेर कशी राहिली ते सांगितलं नाही. चहाड्या सांगायची त्यांना सवयच नव्हती. पण आत असा काही जाळ पेटला होता की बघायलाच नको. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणे, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ! पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला मामांनी चहाचे दोन कप भरले. जाईबाईंचा कप ओट्यावर निवून गेला. तिथून अबोला सुरू झाला.

आता एका घरात, एका स्वयंपाकघराच्या आसऱ्यानं काम करायचं आणि बोलायचं नाही, ही काही सोपी गोष्ट नाही. पण आपल्याकडे त्याचीही पद्धत ठरलेली आहे. मधे एक माणूस घ्यायचं. "त्यांना सांगा, दोन नंबरला आज पेज पाहिजे." "त्यांना विचारा, आठ ताटं का सात?" समोरचा चार हातांवर उभा असला तरी निरोप मधल्याच्या तोंडूनच जायचा. सिस्टर सदा फोनवर, म्हणून मधलं माणूस कोण, तर जो कोणी पाहुणा जवळ असेल तो. पाहुण्यांनाही बरंच वाटायचं, काहीतरी काम मिळालं म्हणून. पंधरा दिवसांनी तो गेला की दुसरा येतच होता.

संस्थेला यातलं काही माहीत नव्हतं. घरी जाताना प्रत्येक पाहुण्याकडून एक समाधान-पत्रक भरून घ्यायचे. जेवण कसं, झोप कशी, कर्मचारी एकमेकांशी नीट वागतात का, घरासारखं वाटलं का? पुढं हो आणि नाही असे दोन चौकोन. सगळ्यांची सगळी उत्तरं 'हो'. आमच्या भागात ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला निघताना नावं ठेवत नाहीत. पाहुणा म्हणून राहिलेला माणूस आमटी खारट होती असं लिहून जाईल कसा? साताऱ्याच्या ऑफिसात त्या पत्रकांचा तक्ता भिंतीला लागला होता, आणि त्यात 'थारा' सगळ्यात वर होतं.

वैशाखात पल्लवी आली. वय सव्वीस, शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगला. एका सकाळी रात्रपाळी सुटल्यावर ती कंपनीच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली होती. सुपरवायझर बाईंनी गोड बोलत बोलत हाताला धरून खाली आणलं. शिरवळला भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची. गावी आईवडील होते, पण त्यांचं नाव काढलं की मान खाली घालायची.

जाईबाईंनी तिचं पाऊल ऐकलं आणि त्यांना पहिल्यांदाच काही उमगेना. पाऊल वाजतच नव्हतं. मांजरासारखी यायची, जायची, कुणाला आपली अडचण नको अशी. पण चार दिवस लसूण सोलल्यावर पोरगी खुलली. जेवायला लागली, झोपायला लागली, एकदा तर हसलीसुद्धा. जाईबाईंचा तिच्यावर जीव जडला. आणि जीव जडला तशी निरोपाला तीच हाताशी आली.

"पल्लवी, त्या हवालदाराला सांग, आमटीत मीठ हाय का मिठात आमटी हाय?"

पल्लवी आत जायची. "मामा, मावशी म्हणाल्या, आमटीला चव फार छान आलीय. उद्या फक्त मीठ जरा बेतानं घाला."

मामा मिशीतल्या मिशीत खूश. "सांग त्यास्नी, गेल्या जन्मी जीभ इसरून आल्या व्हत्या, आज गावली वाटतं."

पल्लवी बाहेर यायची. "मावशी, मामा म्हणाले, चुकलंच. उद्या नीट करतो."

असा तो कारभार. पोरीचं कसब असं की दोन्ही बाजूंचे काटे ती वाटेतच काढून टाकायची. जाईबाईंना वाटायचं, सुंभ जळला, आता पीळपण चालला. मामांना वाटायचं, बाई नरमली. दोघंही मनातून सुखावले होते, आणि त्या सुखात पल्लवीकडे बघायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. सहाव्या दिवसापासून तिची झोप पुन्हा उडाली. डॉक्टरांनी गोळी बदलली. आठव्या दिवशी तिनं ताट तसंच परत पाठवलं. अकराचा चहा चालू असता तर ही बातमी जाईबाईंपर्यंत अर्ध्या तासात पोचली असती. पण ताट मामांनी बघितलं आणि न झोपलेले डोळे जाईबाईंनी बघितले, आणि दोन्ही बातम्या दोन घरांत राहिल्या.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टर जाईबाईंना म्हणाल्या, "मावशी, पल्लवी घरी जायचं म्हणतेय. मी खूप समजावलं. डॉक्टर दुपारी येतील, तोवर तरी थांब म्हटलंय. तिच्या मनाविरुद्ध ठेवता येत नाही आपल्याला. तुम्ही बघा बरं बोलून."

जाईबाई तिच्या खोलीत गेल्या. पल्लवी पिशवी भरत होती. खाटेवर समाधान-पत्रक भरून ठेवलेलं. जाईबाईंनी उचललं आणि चष्मा लावून वाचलं. सगळीकडे हो. घरासारखं वाटलं का? हो, आणि खाली पेनानं दोनदा रेघ मारलेली.

"घरासारखं वाटतंय म्हणतीस, आन् निघालीस व्हय गं?"

"म्हणूनच निघाले, मावशी."

जाईबाई खाटेच्या कडेला बसल्या. आज लसूण नव्हता, म्हणून पदराचं टोक बोटांत घेतलं. पल्लवी पिशवीकडे बघत बोलत राहिली. तिचे आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत. ती आठवीत असताना कशावरून तरी बिनसलं, कशावरून ते तिला आजपर्यंत माहीत नाही. तेव्हापासून दोघं एका घरात राहतात, एका चुलीचं खातात आणि सगळं हिच्यामार्फत. तुझ्या आईला सांग. तुझ्या बापाला विचार. हिनं प्रत्येक निरोप गोड करून पोचवायचा. न जाणो, जसाच्या तसा सांगितला आणि घर मोडलं तर? परीक्षेला बसली तरी मन घरी, आता कोण कुणाला काय म्हणालं असेल. नोकरीला शिरवळला आली, तर दोघांचे वेगवेगळे फोन सुरू झाले.

"इथं पहिले चार दिवस इतकं शांत वाटलं," ती म्हणाली. "मग पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्यांना सांग. तुम्ही चांगल्या आहात मावशी, मामाही चांगले आहेत. पण रात्री डोळा मिटला की वाटतं, उद्या माझ्याकडून एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर?"

"मग कुठं जाणार?"

"खोलीवर. तिथं कुणीच नाही."

जाईबाईंनी पदराचं टोक सोडलं. रिकामी खोली आणि ही पोर. नऊ वर्षं माणसांची पावलं ऐकण्याची मिजास मिरवली, आणि हिचं पाऊल वाजत का नाही ते कळलं नाही. दोघांच्या मधोमध अंग चोरून चालणाऱ्याचं पाऊल वाजणार कसं? आणि परत तिला त्याच जागी उभं केलं कुणी? आपणच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"डॉक्टर येस्तवर थांब. येवढं आयक माझं," एवढंच बोलून त्या उठल्या.

व्हरांडा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत वीस पावलं असतील. जाईबाई दोनदा थांबल्या. सात महिन्यांचा ताठा, तो काय वीस पावलांत उतरतो? आधी त्यानं बोलावं, चूक त्याची, हे त्यांनी रोज रात्री उशीला सांगितलं होतं. पण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पल्लवी पिशवी घेऊन बाकावर येऊन बसली होती, आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते. त्या आत शिरल्या.

मामा कणीक मळत होते. त्यांनी सवयीनं दाराबाहेर बघितलं, निरोप घेऊन कोण आलंय ते.

"कुणी न्हाई आलं," जाईबाई म्हणाल्या. "मीच आले. केरबादादा, आमटी खारट हुती. चार दिस झालं खारट हाय."

मामांचे हात कणकेत थबकले. "चार दिस तर लय ग्वाड निरोप येत हुतं की!"

"त्यो ग्वाडवा त्या पोरीचा. माझा न्हाई. आन् ते 'चुकलंच' तुमचं तरी हुतं का?"

"म्या कवा म्हणलो चुकलंच? म्या तर तुमच्या जिभंवर बोललो हुतो!"

"बघा! आपल्या दोघांच्या मधी उभी ऱ्हाऊन ती पोर झिजाय लागलीया. झोप न्हाई तिला."

"काल ताटबी तसंच आलं तिचं," मामा हळू आवाजात म्हणाले.

"मग सांगायचं न्हाई मला?"

"कुणाच्या तोंडनं सांगू? तिच्याच?" आता मामांचाही आवाज चढला. "आन् बोलायचं बंद केलं कुणी? च्या थंड करून गेलं कोण?"

"वहीत लिवलं कोण?" जाईबाई इतक्या मोठ्यानं बोलल्या की ओट्यावरची ताटली थरथरली. नऊ वर्षांत त्या घरानं त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. "मला तोंडावर बोलायचं हुतं! दोन श्या घालायच्या हुत्या! माझी चूक लिवली, आन् सुरी भाईर कुणी ठिवली ते गिळलं!"

दारात पल्लवी धावत आली. चेहरा पांढराफटक, हात पुढं केलेले. "मामा, मावशींना तसं नाही म्हणायचं... मावशी, मामांचा अर्थ..."

जाईबाई वळल्या. एकदम आवाज खाली आला. "पल्लवी, तू मधी बोलू नगंस, बाय. मला तसंच म्हणायचं हाय, आन् त्यांस्नी ते बरोबर आयकू आलंय. तुझं काम संपलं. जा, बाकावर निवांत बस. घर कुठं जात न्हाई."

पल्लवीनं मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली. "जा, पोरी. आमी दोघं हाय की इथं." ती हळूहळू पाठमोरी झाली आणि गेली.

आत भांडण पुन्हा जुंपलं, पण आता त्याला ओल आली होती. मामांनी कणकेचे हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग म्हणाले, "सुरी म्याच ठिवली हुती. फौजंत वीस वरसं हत्यार मोजून ठिवलं, आन् म्हातारपणी सुरी भाईर ऱ्हायली. त्या बाईच्या हातात बघितली आन् वाटलं, तिनं काय करून घेतलं असतं तर? भ्यालो मी, जाईबाय. भ्यालेलं माणूस दुसऱ्याचं नाव आदी लिवतंय."

जाईबाई धान्याच्या पोत्याला टेकल्या.

"आन् तुमी का न्हाई सांगितलं सिस्टरला? येका शब्दाचं काम हुतं."

"तुमी सांगशीला म्हणून वाट बघत हुते," जाईबाई म्हणाल्या. "सात म्हयनं."

त्या तिथंच पोत्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मामा रडू नका म्हणाले नाहीत. त्यांनी टोपलीतला लसूण घेतला, समोर पाट ओढला आणि सोलत बसले. जाईबाईंना ते दिसलं आणि रडता रडता हसू आलं. छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसा श्वास मोकळा झाला. किती दिवसांनी, देव जाणे.

"आज दुपारी वहीत लिवतो," मामा म्हणाले. "माझ्या नावानं."

"लिवा. आन् माझंबी राहू द्या. मी नियम मोडला हुताच." त्यांनी डोळे पुसले. "पर त्या बाईनं दोन भाकरी खाल्ल्या, ते लिवाय कुणी तयार न्हाई."

"त्येबी लिवतो. पर सुरी न्हाई द्यायची, जाईबाय. कायबी झालं तरी न्हाई."

"खांद्याला खांदा लावून हुते मी!"

"तरीबी न्हाई!"

"मग माणसानं उपाशी मरायचं का तुमच्या नियमापायी?"

पुन्हा सुरू. भांडता भांडताच मामांनी आधण ठेवलं, जाईबाईंनी साखर काढून दिली, साखरेवरूनही दोन शब्द झाले, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी ओट्यावर तीन कप भरले गेले. तिसरा पल्लवीचा.

जाईबाई तो कप घेऊन व्हरांड्यात आल्या आणि दारातच थबकल्या. पल्लवी बाकावर आडवी झाली होती. पिशवी डोक्याखाली, चपला खाली पडलेल्या, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती. एवढ्या आरडाओरड्यात, तीन रात्रींनंतर.

जाईबाईंच्या मागून मामा आले. त्यांनी वाकून बघितलं, जीभ चावली आणि आवाज एकदम कुजबुजीवर आणला. "आगाई, झोपली की पोरगी. हळू बोला, हळू."

"हळू कशापायी?" जाईबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला, केरबादादा. तिला त्यातच झोप लागलीया."

मामांनी क्षणभर विचार केला. मग घसा खाकरला, कंबरेवर हात ठेवले आणि पार फडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बरं मग, खारट म्हंजी नेमकी किती खारट हुती?"